झाकण नसलेलं ग्रिल

परसात ठेवायला एक ग्रिल घ्यायचं, तर माणसाला किती दिवस लागावेत? हौशी माणूस रविवारी दुकानात जातो आणि दुपारी घेऊन येतो. सुगतला अडीच महिने लागले. आणि गंमत अशी की त्याला भाजलेल्या मांसाची हौस मुळीच नव्हती. त्याला शेजाऱ्यांना जेवायला घालायचं होतं.

सुगत बेळगावात बँकेत मॅनेजर. चार वर्षांपूर्वी त्यानं पिरनवाडीत बंगला बांधला. मागं ऐसपैस परसू ठेवलं. आजूबाजूला सगळी मराठ्यांची घरं, गावाकडं शेती आणि शहरात नोकरी असलेली. माणसं बोलायला गोड. कर्ज हवं असलं की आणखी गोड. पण सुगत बौद्ध, आणि त्याचं नाव ऐकल्यावर पुढचं काही विचारायची गरज कुणाला पडत नव्हती. त्याच्या घरी कुणी आलं की चहा आत्ताच झालेला असायचा. जेवायला बोलवावं तर सोमवार असायचा, नाहीतर गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, श्रावण. देवांनी वार वाटून घेतले होते आणि त्यातला एकही सुगतच्या वाट्याला आला नव्हता. बुद्धपौर्णिमेला पाठवलेल्या खिरीचा डबा तासाभरात लख्ख धुऊन परत आला, तेव्हा त्याची बायको सुविधा म्हणाली होती, "इतक्या लवकर खीर खाऊन होत नाही, ओतूनच होते."

सुगतला ते पटलं होतं, पण हार मानायची त्याची तयारी नव्हती. त्याला लहानपणचं एक आठवत होतं. निपाणीजवळच्या गावात त्याचा बाप मायाप्पा मालकाच्या रानात हुरडा भाजायचा. जी माणसं मायाप्पाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, तीच शेकोटीभोवती बसून त्याच्या तळहातांनी चोळलेला हुरडा फुंकर मारून खायची. राखेसकट खायची. मायाप्पा हसून सांगायचा, "भाजलेल्याला विटाळ न्हाय रं पोरा. शिजवलेल्याला असतोय."

बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण ह्या एका वाक्यावर बँकेच्या मॅनेजरनं आपली सगळी अब्रू पणाला लावली.

म्हणून ग्रिल. आणि ग्रिल म्हणजे कुठलंही नाही. शोरूममधलं गॅसचं त्याला नको होतं, कारण त्याला झाकण होतं. धुरावर मांस मुरवायची पेटी तर त्याहून वाईट. चार तास दार बंद, आत काय चाललंय कुणाला ठाऊक? त्याला हवं होतं उघडं, लांबरुंद, जिथं निखारा दिसतो, मांस दिसतं, आणि घरातलं भांडं, घरातलं पाणी, घरातला हात कुठंच लागलेला दिसत नाही. तो मोबाइलवर फोटो बघत बसायचा आणि सुविधा म्हणायची, "स्थळं बघितल्यासारख्या शेगड्या बघताय." मग एकदा ती गंभीर होऊन म्हणाली, "चार वर्षं ज्यांना आपला चहा चालला नाही, त्यांना आपला कोळसा चालेल?"

"कोळशाला कुठली जात असते?"

"खिरीतल्या दुधालाही नव्हती," सुविधा म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. ती शाळेत शिकवायची, तिला उत्तर चुकलेलं लगेच कळायचं.

शेवटी उद्यमबागेतल्या भावकू वेल्डरकडून ग्रिल बनवून घ्यायचं ठरलं. सोबत शेजारचे मारुतीराव आले. मारुतीराव म्हणजे कॉलनीच्या कमिटीचे चेअरमन. ते आले म्हणताच सुगतची छाती दोन इंच फुगली.

"साहेब, झाकण पायजेच," भावकू म्हणाला. "न्हायतर मांस वरनं करपतंय आणि आतनं कच्चं ऱ्हातंय."

"करपू दे," सुगत म्हणाला. "झाकण नको."

भावकूनं मारुतीरावांकडं बघितलं. मारुतीरावांनी मान डोलावली. "त्येनी म्हणत्यात तसं कर. पण रुंद कर रं, पन्नास माणसांचं भागलं पायजे." मग सुगतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मॅनेजर, मटणाचं माझ्यावर सोडा. माझा खाटीक ठरलेला हाय. मसाला आमच्यात लावून घिऊ. पाण्याचे जार मी सांगतो, पत्रावळ्या आमच्या घरात पडल्यात. आणि भाजायला आमच्या रानातला गडी रवळू येईल, तुमी कशाला कपडे खराब करताय?"

घरी येऊन सुगतनं हे सगळं सुविधाला सांगितलं, एखादं बक्षीस मिळाल्यासारखं. तिनं विचारलं, "मग आपलं काय?"

"आपलं ग्रिल की. आणि परसू. आणि आमंत्रण."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं सुगतला वाटत होतं. देव मारुतीराव होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

घरात सगळ्यांत जास्त आनंद झाला होता तो सुलाबाईला, सुगतच्या आईला. लेकाच्या दारात एवढी माणसं येणार म्हणून तिनं आठ दिवस आधीच खोबरं, तीळ, धणे भाजून मसाला केला होता. तिच्या हाताची चव अशी की तिच्या माहेरच्या गल्लीत लग्न निघालं की आधी तिला बोलावणं जायचं. शुक्रवारी संध्याकाळी सुगत तिच्याजवळ जाऊन बसला.

"आई, उद्या तू आक्काच्या सासरी नंदगडला जा. सोमवारी ये."

"अन् रविवारी माणसं येणार न्हवं?"

"म्हणूनच म्हणतोय."

सुलाबाईनं डब्याचं झाकण लावलं. "मी आतल्या खोलीत बसते की. बाहीर येत न्हाय."

"आत असलीस तरी लोकांना वाटणार, कशाला तरी तुझा हात लागलाय. तुझी भाषा, तुझं लुगडं... तुला कळतंय न्हवं?"

तिला कळलं. साठ वर्षं तिला हेच कळत आलं होतं, फक्त आजवर सांगणारे परके होते. मायाप्पाच्या मालकानंसुद्धा असं तोंडावर म्हटलं नव्हतं. तो नुसता ती गेल्यावर अंगण शिंपून घ्यायचा. सुगतला स्वतःची लाज वाटली, पण रविवारपुरती ती त्यानं बाजूला ठेवली. सकाळी त्यानं आईला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. मसाल्याचा डबा ती सोबतच घेऊन गेली.

रविवार उजाडला. संकष्टी नव्हती, अमावास्या नव्हती, सुगतनं तीन कॅलेंडरं बघितली होती. दुपारी माणसं आली. एक नाही, दोन नाही, चाळीसच्या वर. चार वर्षं ज्यांनी त्याच्या घरात घोटभर पाणी घेतलं नव्हतं, ती त्याच्या परसात खुर्च्यांवर बसून बोटं चाटत होती. रवळू तुकडे उलटत होता, धूर सगळ्या कॉलनीवर जात होता. "काय ग्रिल हाय मॅनेजरांचं," कुणीतरी म्हणालं. सुगतला बापाची आठवण झाली आणि त्याच्या मनात आलं, आप्पा, तुमचं खरं निघालं.

इथंच तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण यजमान असल्याची नशा दारूपेक्षा वाईट. त्यानं रवळूच्या हातातून ताट घेतलं, चांगले भाजलेले तुकडे निवडले आणि स्वतः वाढायला निघाला.

पहिल्या खुर्चीवरच्या माणसानं पत्रावळीवर हात आडवा धरला. "बास बास, पोट फुटंल."

दुसरा म्हणाला, "आत्ताच घेतलं की."

तिसऱ्याला पित्ताचा त्रास होता. चौथीनं पदर तोंडाला लावून मान हलवली. सुगत हसत हसत पुढं जात होता. एवढं खाल्ल्यावर भूक राहणार कशी, हे तो स्वतःला समजावत होता. ओळीच्या टोकाला मारुतीराव बसले होते. त्यांनी मायेनं त्याचा दंड धरला. "मॅनेजर, तुमी बसा की वो. रवळ्या, ते ताट तसंच ऱ्हाऊ दे, तू दुसरं भरून आण."

रवळूनं दुसरं ताट भरलं. पहिल्या खुर्चीपासून निघाला. पोट फुटायला आलेल्या माणसानं पत्रावळ पुढं केली. दुसऱ्यानं केली. पित्तवाल्यानं दोन तुकडे मागून घेतले. सुविधा मागच्या दारात उभी होती. तिनं बघितलं, सुगतनं बघितलं, आणि तिनं बघितलं हेही त्यानं बघितलं. हातातलं ताट कुठं ठेवावं हे त्याला सुचेना. विटाळ शिजवलेल्यात नव्हता आणि भाजलेल्यातही नव्हता. मायाप्पाच्या हातचा हुरडा त्यांना चालला होता, कारण तो त्यांच्या रानातला होता आणि मायाप्पा त्यांचा गडी होता. गड्यानं भाजून द्यावं. यजमान होऊन वाढू नये.

पाचाच्या सुमारास माणसं पांगली. जाताना प्रत्येकानं नमस्कार केला. मारुतीरावांनी पुढच्या महिन्यातल्या नातवाच्या बारशाला ग्रिल मागून ठेवलं.

तेवढ्यात नंदगडहून सुलाबाईचा फोन आला.

"आली का रं माणसं?"

"आली की, आई."

"जेवली?"

सुगतनं परसात बघितलं. त्याच्या ताटातले तुकडे सुविधा कचऱ्याच्या पिशवीत टाकत होती.

"जेवली. लई जेवली."

"तुझ्या हातनं वाढलास न्हवं?"

"व्हय."

पलीकडून सुलाबाईचा आवाज आला, हलका, समाधानाचा. "म्हंजे माझ्यामुळंच आडलं हुतं बघ चार वर्सं. मला कवा कळलंच न्हाय रं. आता मी हितंच ऱ्हाते आक्काकडं. माझी लुगडी तेवढी कुणासंगं तरी लावून दे."

धडधाकट लेक असताना ह्या भागात आई लेकीच्या दारात राहत नाही. राहिली तर गाव लेकाच्या तोंडावर थुंकतं. सुगतला हे ठाऊक होतं. आईला परत आणायला एवढंच सांगणं पुरे होतं, की आई, माझ्या हातचं कुणी खाल्लं नाही. सुविधा हातातली पिशवी घेऊन त्याच्याकडं बघत थांबली होती.

"बरं," सुगत म्हणाला. "उद्या लावून देतो."