वरच्या अंगाचं पाणी

"माय, पोऱ्याना ओठ दख ना. काया दिसतस," कुंदा म्हणाली.

धुरपदाबाई पाय पसरून नातवाला न्हाऊ घालत होती. तिने त्याला दाराच्या उजेडाकडे वळवलं. ओठ जांभळे होते, नखंही जांभळी. सव्वा महिन्याचं पोर, पाणी अंगावर पडलं की घर डोक्यावर घ्यायचं. आज नुसतं मलूल पडून होतं.

"थंडी वाजी ऱ्हायनी व्हई," ती म्हणाली. पण दुपट्यात गुंडाळून चुलीजवळ धरलं तरी रंग फिरेना.

कुंदा भडगावहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दूध उतरलं नाही म्हणून शिरपूरहून पावडरचा डबा आणला होता. बाटलीचं काम धुरपदाबाईने कुणाला करू दिलं नाही. स्वतःच्या हाताने विहिरीचं पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, उकळायचं, निववायचं. अलीकडे पाण्याला वास यायचा, म्हणून ती ते आणखी उकळायची, पार अर्ध्यावर आणायची.

वास तर सगळ्या गावालाच होता. तीन वर्षांपूर्वी वरच्या माळावर मुंबईच्या एका शेठने डुकरांचं फार्म काढलं. पांढरी, वासरांएवढी डुकरं. ती ट्रकमधून मुंबईला जायची. त्यांची घाण मात्र इथेच, फार्ममागच्या उघड्या तळ्यात साठायची. दुपारी वारा फिरला की गाव दारं लावून बसायचं. ताटावर माश्या, पोरांच्या डोळ्यांना चिपडं, म्हाताऱ्यांना खोकला. पण पाड्यावरच्या लोकांना तिथे काम मिळालं होतं, आणि धुरपदाबाईच्या नवऱ्याने, लोटनने, त्या तळ्याचं पाणी चारी काढून शेतात घेतलं होतं. कापूस खांद्याला लागला होता. विहीर त्याच शेताच्या कडेला.

शेजारच्या जीपने त्यांनी धुळं गाठलं. मोठ्या दवाखान्यात नर्सने बाळाचं रक्त काढलं आणि सुई उजेडात धरून ती पाहतच राहिली. रक्त लाल नव्हतं, गुळाच्या काकवीसारखं होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी शिरेतून निळं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत बाळाच्या ओठांवर रंग आला, आणि ते रडलं. कुंदाने त्याला छातीशी धरलं.

"दूध कुठल्या पाण्यात कालवता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"इहिरनं पानी, बाई. पन मी तापाडी तापाडी पाजस. कच्चं नही."

"विहिरीजवळ खत, उकिरडा काही?"

"वर डुकरांचं फार्म आहे," कुंदा म्हणाली.

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजी, उकळल्याने जंतू मरतात. घाणीतलं जे पाण्यात उतरलंय, ते मरत नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. मोठ्यांना चटकन काही होत नाही. तान्ह्या बाळाला मात्र विषच."

धुरपदाबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"म्हनजे मीच..." एवढंच तिच्या तोंडून आलं.

"तुम्हाला काय माहीत, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

कुंदा दवाखान्यातूनच भडगावला गेली. धुरपदाबाई एकटी घरी परतली. लोटनने सगळं ऐकून घेतलं, खोकला, थुंकला.

"बठ्ठा गाव ते पानी पेस. कोनले काय व्हयनं?"

ती उत्तराला थांबली नाही. फावडं उचलून शेतात गेली आणि चारीचं तोंड मातीने बुजवलं. लोटन बांधावरून बघत होता. अडवायला मात्र आला नाही. तुंबलेलं काळं पाणी वळसा घालून शेजारच्या वावरातून खाली निघालं. फार्मवर तिने मॅनेजरला सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून विहिरीत पांढरी पावडर टाकली. वास तेवढा बदलला. पुढे गावातल्या बाया नदीवरून पाणी आणू लागल्या.

दोन वर्षांनी कुंदाला पुन्हा दिवस गेले. धुरपदाबाईने मेथीचे लाडू वळायला घेतले, माळ्यावरचा पाळणा काढून पुसला. मग कुंदाच्या सासूचा, इंदिराबाईचा, निरोप आला: बाळंतपण आठेच, भडगावलेच व्हई, तुम्ही या. कुंदानेही वेगळं काही कळवलं नाही.

भडगावला ती पोचली तेव्हा कुंदा आत कण्हत होती. थोरला नातू अंगणात कोंबडीमागे धावत होता. त्याने आजीकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि पळून गेला. धुरपदाबाई ओसरीवर टेकली. लाडवांचा डबा पिशवीतून बाहेर काढावा की नाही, हे तिला ठरवता येईना.

आत बाळ रडलं. इंदिराबाई दारात आल्या.

"पोर व्हयनी, इहीनबाई. या ना मझार. आशा काय पाहुनीसारख्या बठ्यात?"

"उनू, हात धुईसन येस," धुरपदाबाई म्हणाली. ती न्हाणीकडे गेली. साबण लावून तिने कोपरापर्यंत हात धुतले, लुगड्याला कोरडे केले. उंबऱ्यापाशी आली, क्षणभर थांबली, आणि हात पुन्हा धुवायला मागे वळली.