दुधाच्या पिशवीतला श्वास

सकाळी नऊ वाजता डेअरीचे व्यवस्थापक वीरधवल साहेब यांनी कागद फिरवला. दोन दिवसांचं प्रशिक्षण अजून सुरू व्हायचं होतं, पण कागदावर छापलेलं होतं, ‘टाकीत अडकलेल्या माणसाला सोडवण्याचे प्रशिक्षण मी पूर्ण घेतले आहे.’ अकरा जणांनी न वाचता सह्या केल्या. सुलाबाईनं ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

“शिकायच्या आदी शिकलो म्हणून सही?”

“मावशी, तपासणीला अधिकारी येणार आहेत. फाईलला कागद लागतो.”

“मग शिकून झाल्यावर करते की. फाईल कुटं पळून जातीया?”

आष्ट्याजवळच्या त्या दूध डेअरीत सुलाबाई आठ वर्षं कॅन धुण्याच्या कामावर होती. माहेर जतकडचं, मेंढरांमागं फिरलेलं घर. धाकटा भाऊ बिरदेव याच डेअरीत कंत्राटी कामाला लागला होता. आवाराच्या मागं सांडपाण्याची पंधरा फूट खोल टाकी होती. पाणी उपसून झालं होतं, तळाला गाळ उरला होता. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी त्या टाकीत उतरायला बिरदेवनं स्वतःहून हात वर केला होता. सुलाबाईला बारावं नाव भरायला बोलावलं होतं. ते तिला कळत होतं, पण भाऊ उतरणार म्हटल्यावर ती आली.

तिचा संशयी स्वभाव सगळ्या डेअरीला ठाऊक होता. गावी असताना तिनं एकाच म्हशीचं दूध दोन किटल्यांत घालून, दोन नावांनी संकलन केंद्रावर नेलं होतं. एकीला फॅट लागली सहा, दुसरीला सात. त्या दिवसापासून काचेतला आकडा बघून मान डोलवायचं तिनं सोडलं.

शिकवायला आलेले आप्पासो उंब्रजकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लोखंडी पेटी उघडून दोर, पट्टे, तीन पायांची तिपाई आणि तिच्यावर बसवायचा हातानं फिरवायचा रहाट बाहेर काढला. सुलाबाई मागच्या बाकावरून बघत होती. साहेबांनी आणलेला माणूस साहेबांच्याच बाजूनं बोलणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“टाकीत वास येतोय तोवर माणूस सावध असतो,” आप्पासो म्हणाले. “काही वायू असे असतात की थोड्या वेळानं नाकच मरतं. वास गेला म्हणून माणूस बिनघोर होतो आणि पडतो. आता सांगा, तुमचा भाऊ आत पडला तर काय कराल?”

“उडी टाकायची. त्यात इचारायचं काय?” बिरदेव म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

“म्हणजे दोन माणसं गेली. दोघांसाठी तिसरा उतरेल, तोही जाईल. अशा जागी सोडवायला गेलेलेच जास्त मरतात. बाहेरच्यानं आत जायचं नाही. बाहेरूनच ओढायचं.”

“आन् गावात तोंड कसं दावायचं? भाऊ मरत हुता आन् ह्यो वर बसून दोर वडत हुता!” बिरदेव म्हणाला.

“दोर ओढला तर भाऊच येईल तोंड दाखवायला. ताई, तुम्ही काय कराल?”

सुलाबाई म्हणाली, “मी आदी त्याला आत जाऊच देणार न्हाई.”

सगळे हसले. आप्पासो हसले नाहीत. त्यांनी टाकीच्या तोंडावर थांबायचं काम तिलाच दिलं. आतल्याला दर दोन मिनिटांनी हाक मारायची, उत्तर आलं नाही तर रहाट फिरवायचा आणि काही झालं तरी जागा सोडायची नाही. हे काम आपल्याला का दिलं, याचाही सुलाबाईला संशय आला. उद्या काही झालं तर बाईमाणसाच्या डोक्यावर घालायला बरं.

दुपारी आप्पासोंनी तळहातात मावेल एवढं, हवेतला प्राणवायू मोजणारं आणि विषारी वायूलाही ओरडणारं मीटर काढलं. चांगल्या हवेत त्याच्यावर वीस पूर्णांक नऊ हा आकडा दिसतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की ते ओरडतं. ते खरंच ओरडतं का हे दाखवायला त्यांनी दुधाची रिकामी पिशवी मागवली, मीटर आत ठेवलं आणि जोतीरामला पिशवीच्या तोंडातून हळूहळू श्वास सोडायला लावलं. जोतीराम हा तिथला जुना कामगार. चार श्वासांत मीटर किंचाळलं.

“माझ्या तोंडात तंबाखू हाय म्हणून बोंबलतंय त्ये,” जोतीराम म्हणाला.

“थुंकून या आणि परत सोडा. तरीही ओरडेल. आपण बाहेर टाकतो ती वापरलेली हवा असते, तिच्यात दम कमी असतो.”

सुलाबाईनं पुढं येऊन स्वतः श्वास सोडून बघितला. मीटर ओरडलं. ती जागेवर जाऊन बसली. जाताना तिनं पिशवी घडी घालून कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडावर तिपाई उभी राहिली. बिरदेवनं छातीला आणि मांड्यांना पट्टे आवळले. वीरधवल साहेब कोठारातलं पिवळं मीटर घेऊन आले. ते डेअरीचं स्वतःचं होतं. त्यावर ‘तपासले, ठीक’ असा कागद चिकटवलेला होता.

“फाईलच्या फोटोत आपलंच साधन दिसायला हवं,” साहेब म्हणाले. “आधी फोटो घेऊ, मग टाकीत हवा सोडायचा ब्लोअर लावू. त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.”

“ब्लोअर आधी,” आप्पासो म्हणाले. “पण मीटर तुमचंच वापरा. उद्या मी नसेन. हवा कशी आहे ते ब्लोअर लावायच्या आधी एकदा बघून घेऊ.”

मीटर सुतळीला बांधून खाली सोडलं. तोंडाशी थांबवून वर काढलं, वीस पूर्णांक नऊ. मध्यावर, वीस पूर्णांक नऊ. पार तळाशी नेऊन वर काढलं, तरी वीस पूर्णांक नऊ.

“बघा, बागेतल्यासारखी हवा आहे,” साहेब म्हणाले. “ब्लोअरची गरजच नाही. उतर रे.”

आप्पासोंनी वहीत तिन्ही आकडे लिहिले.

सुलाबाई उठली आणि टाकीच्या तोंडावर आडवी उभी राहिली.

“काल सुभेदारांचं मीटर हातात धरलं तरी शेवटचा आकडा मागंपुढं हुत हुता. ह्येचा हालंना. बागंत बी त्योच आन् गाळात बी त्योच?”

“मावशी, कागद चिकटवलाय त्यावर!”

“कागद तर काल सकाळी आमी शिकल्याचा बी हुता.”

जोतीराम म्हणाला, “सुलाबाय, ही फॅटची मशीन न्हवं गं!”

“आक्का, बाजूला सर,” बिरदेव दातांखाली बोलला. “चारचौघांत माझी लाज काढू नगंस.”

“लाज काढून परत घालता येती रं. गप हुबा ऱ्हा.”

तिनं कमरेची पिशवी काढली, पिवळं मीटर आत टाकलं आणि तोंड आवळून श्वास सोडायला लागली. चार श्वास झाले. दहा झाले. पिशवी आतून धुरकट झाली. आकडा होता तिथंच होता. तिनं पिशवी आप्पासोंच्या हातात दिली.

आप्पासोंनी मीटर उलटंपालटं केलं. पाठीमागं बारीक भोकं होती. त्यांच्यातून हवा आत जाते आणि मोजली जाते. ‘तपासले, ठीक’ हा कागद पक्का बसावा म्हणून मीटरभोवती पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली होती. ती नेमकी त्या भोकांवरून गेली होती. मीटर कोठारातली हवा पोटात कोंडून फिरत होतं आणि तीच पुन्हापुन्हा मोजत होतं.

“पट्टी मीच लावली,” वीरधवल साहेब म्हणाले. “पाण्यानं कागद निघू नये म्हणून.”

आप्पासोंनी पेटीतून आपलं मीटर काढून सुतळीला बांधलं. ते निम्म्यावर गेलं नव्हतं तोच टाकीतून किंचाळी आली. वर काढून त्यांनी मीटरनं टिपून ठेवलेला सगळ्यात कमी आकडा बिरदेवसमोर धरला. सोळा पूर्णांक आठ. बिरदेवनं आकडा बघितला, मग टाकीचं तोंड बघितलं आणि छातीवरचा पट्टा उगाचच चाचपला.

आप्पासोंनी वहीतले आधीचे तीन आकडे खोडले. सगळ्यांकडं वळून म्हणाले, “तिन्ही आकडे सारखे आले तेव्हा मीही बघत होतो. मीही लिहून मोकळा झालो. काल पिशवी मी दाखवली आणि आज मीच विसरलो. हे लक्षात ठेवा.”

ब्लोअर लागला. तीन तास चालला. मग आप्पासोंनी स्वतःचं मीटर पुन्हा सोडायला घेतलं, तेव्हा सुलाबाईनं हात पुढं केला.

“द्या हिकडं.”

“माझ्यावरही विश्वास नाही?”

“मगाशी तुमी बी लिवून मोकळं झाला हुता की.”

त्यांनी मीटर दिलं. तिनं पिशवीत श्वास सोडला, ते ओरडलं, मोकळ्या हवेत गप्प झालं. मग तिनं ते तळापर्यंत सोडलं. ते गप्पच राहिलं. तेव्हा ती तोंडावरून बाजूला झाली.

बिरदेव दोरावरून खाली गेला. दर दोन मिनिटांनी ती हाक मारत होती.

“बिरू!”

“हाय, आक्का.”

वीरधवल साहेब कागद घेऊन आले. “मावशी, एवढी सही. अधिकारी फाटकाशी आलेत.”

“हात मोकळं न्हाईत.” तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. “बिरू!”

उत्तर आलं नाही.

“बिरू!”

तिनं तिसरी हाक मारलीच नाही. ती रहाट फिरवायला लागली. दोर ताठ झाला, तिपाई करकरली. खालून ओरडा आला, “आगं थांब! गंमत केली! जित्ता हाय मी, आक्का!”

ती फिरवतच राहिली. जोतीरामही रहाटाला लागला. गाळानं भरलेला बिरदेव हातपाय झाडत, शिव्या देत वर आला, दोन्ही पाय फरशीवर टेकले, तेव्हाच तिनं मूठ सोडली.

“वरडतोयस म्हंजे दम हाय,” ती म्हणाली. “आता खाली जायाचं न्हाई. गमतीला ती जागा न्हवं.”

आप्पासोंनी घड्याळ बघितलं. “हाकेपासून वर येईपर्यंत दीड मिनिट,” ते बिरदेवला म्हणाले. “तुझ्यासाठी कुणी उडी टाकली असती, तर असा आला असतास का रे वर?”

बिरदेव चेहऱ्यावरचा गाळ पुसत राहिला.

सुलाबाईनं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि साहेबांकडून कागद घेतला. ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. खाली तारीख छापलेली होती, कालची. तिनं ती खोडली, शेजारी आजची घातली आणि मग सही केली.