ठिपक्यांचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, बिस्किटाएवढा. माझ्यात तोंड पाहाल तर हिरवट दिसाल, आणि गालभर ठिपके दिसतील. घाबरू नका, ठिपके माझे आहेत!

माझा जन्म एका बंद भट्टीत झाला. लेपवाले काका काचेवर पातळ थरांवर थर चढवत होते. माझ्याबरोबर माझी भावंडंही घडली. त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनच्या यंत्रात बसून लेझरचा झोत वळवायचा होता. तो सोसला नाही, तर यंत्र ऐन कामात बंद पडणार. म्हणून शितावरून भाताची परीक्षा, आणि ते शीत मी! मी नापास, तर सगळी भावंडं भंगारात.

परीक्षा घेणाऱ्या ताई भारी चिवट. एका जागी एकच झोत मारायचा, सूक्ष्मदर्शकातून डाग शोधायचा, मग पुढची कोरी जागा आणि आणखी जोर. पण छे! पहिल्याच हलक्या झोताला माझ्यावर डाग पडला. दुसऱ्यालाही तेच.

"गेला अख्खा घाणा!" काकांचा चेहरा उतरला.

ताई मात्र सूक्ष्मदर्शकावरून हलेनात. काय त्यांची नजर!

"काका, डाग या पुसट फराट्यावरच पडलेत. खरं सांगा, याला पुसलंत का?"

"अगं, चकचकीत दिसावा म्हणून... हाऽ केलं आणि रुमालानं जरासं."

"चष्मा आहे का तो! बाकीच्यांना?"

"छे, हा एकटाच हातात होता."

"मग लेप कुठे जळला? रुमालाचा मळ जळला, म्हणजे तुमचं प्रेम जळलं!"

ताईंनी ओला मऊ कागद माझ्यावरून एकदाच, अलगद ओढला आणि परीक्षा पुन्हा मांडली. जोर वाढत गेला, मी सोसत गेलो. हवी ती मर्यादा ओलांडली, तरी ताई थांबल्या नाहीत. मी नेमका कुठे हार मानतो, ते त्यांना पाहायचंच होतं. शेवटी मी हरलो, पण केवढ्या उंचीवर! काकांनी चक्क डोळे पुसले, त्याच रुमालानं.

भावंडं यंत्रांत गेली. मी ताईंच्या टेबलावर राहिलो. काका आता खोलीत येतात ते हात पाठीमागे बांधूनच.

मित्रांनो, माझ्यासारखी काच हाती आली तर कडेला धरा, फुंकू नका. आणि कुणी नापास झालं, तर त्याला भंगारात टाकण्याआधी एवढं पाहा, त्याच्यावरून कुणाचा रुमाल फिरला होता.