शून्य नव्हे, चार! : गुडघ्याच्या एका वाटीची कहाणी

मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या उजव्या गुडघ्याची जुनी वाटी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. तुम्ही उड्या मारता, त्या माझ्या बहिणींच्याच जिवावर.

बाईंनी चाळीस वर्षं पायमशीन चालवलं. तेवढी वर्षं मी वरखाली सरकत राहिले. लोक म्हणायचे, "काय हात आहे हो तुमचा!" वाटीचं नाव कोण घेतो? मग माझ्या पाठीवरचं गुळगुळीत आवरण झिजलं आणि हाडावर हाड घासू लागलं. जिना उतरताना मी अशी करकरायचे की पायरीवरचं मांजर उठून जायचं. बाई मात्र तेल चोळून मलाच दटावायच्या.

शेवटी सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथे डॉक्टरीणबाई एका नव्या चकतीची चाचणी घेत होत्या. बऱ्यावाईटाची कल्पना देऊन, सही घेऊन त्यांनी माझ्या पाठीवर बटणाएवढी चकती बसवली. चकती गुणाची निघाली. तीन महिन्यांत बाई पुन्हा मशीनवर बसल्या!

पण तपासणीच्या दर खेपेला दवाखान्यातल्या तीन पायऱ्या चढून उतरायचं आणि दुखण्याचा आकडा सांगायचा, शून्य ते दहा. शेवटच्या खेपेच्या आकड्यांवर चकतीचा साचा कायम होणार होता.

त्या शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, किती?"

"शून्य!"

साफ खोटं, मित्रांनो! चढताना शून्य, पण उतरताना चांगलं चार. चकतीची एक कड टोचत होती.

बाहेर येताच सून म्हणाली, "आई, मग उतरताना दात का आवळलेत?"

"गप्प बैस. त्या पोरीने मला पायावर उभं केलं, आणि मी तिच्या कामात खोट काढू?"

"बाही काचते हे गिऱ्हाइकाने भिडेपोटी सांगितलं नाही, तर पुढच्या दहा बाह्या तुम्ही तशाच कापाल ना?"

बाईंना सुनेचं म्हणणं कधी पटत नाही. त्या दिवशी पटलं. तशाच माघारी गेल्या. "डॉक्टरीणबाई, ते शून्य खोडा. उतरताना चार. बाहेरच्या कडेला टोचतं."

डॉक्टरीणबाईंनी मला बोटांनी चाचपलं. "बरं झालं बोललात. बाकीचेही शून्यच सांगून गेलेत." त्यांनी सगळ्यांना परत बोलावलं. चाचणीतल्या बावीस जणांपैकी नऊ जणांनी मान खाली घालून तेच सांगितलं. साच्याची कड गोल झाली.

"तुमची बदलू का?" त्यांनी विचारलं.

"नको बाई. एवढं सोसेन मी. हिने मला काम परत दिलंय."

मलाही तेच म्हणायचं होतं. चकतीचे, त्या बोटांचे, आणि सुनेच्या फटकळ तोंडाचेसुद्धा माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, आम्हा वाट्यांना तोंड नाही, तुम्हाला आहे. ज्याने तुमचं भलं केलं, त्याला गोड खोटं सांगून वाटेला लावू नका. कुठे दुखतं, किती दुखतं, ते नीट सांगा. तुमच्यामागून येणारा कुणीतरी तेवढ्यावर सुखाने जिना उतरेल.