महिनाअखेरचा भाऊ

ताईचा भाऊ महिना संपत आला की यायचा. हात जास्तच सैल सुटला असेल तर वीस तारखेलाच उगवायचा. खाली लॉन्ड्रीपाशी मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला की ताई त्याच्या आवडीच्या भाजीसाठी बटाटे उकडायला टाकायची आणि कपाटातल्या पर्समधून काही नोटा काढून एप्रनच्या खिशात ठेवायची. त्याने मागितल्यावर आपण उठून कपाटाकडे जायचं आणि त्याने तोवर मान खाली घालून बसायचं, हे तिला बघवत नसे.

मागायची त्याची एक रीत होती. आधी पोटभर जेवायचा. मग पाय पसरून भिंतीला टेकायचा आणि विचारायचा, "बोल, या महिन्यात कुणाकुणाला हसवलंस?"

ताई डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात दात बसवायचे, साचा भरायचा, घासून चकचकीत करायचं, हे काम ती वीसेक वर्षं करत होती. तोंडं कधी दिसत नसत, पण डॉक्टरांकडून किस्से यायचे. एका आजोबांनी पुढचा दात मुद्दाम वाकडा मागितला होता, सरळ दातांचा नवरा आपल्याला नको असं आजी म्हणाल्या म्हणून. असलं काही सांगितलं की भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा, आणि त्याला तसं हसताना बघून तीही. मग तो उठून कप विसळायला जायचा आणि तिच्याकडे पाठ करून म्हणायचा, "ताई, या महिन्यात जरा ओढाताण आहे गं."

आई-वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ती नुकती कामाला लागली होती. तिनेच त्याला वाढवलं. खिशात एका आइस्क्रीमपुरते पैसे असले तरी चौघांना बोलावणारा म्हणून घरीदारी त्याला लाटसाहेब म्हणत. लाटसाहेब मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करायला लागला. खरं सांगायचं तर त्याला ताईपेक्षा जास्त पगार होता. पण कुणाचाही वाढदिवस असो, बिल हा देणार. नवा फोन निघाला की जुन्याचे हप्ते फिटायच्या आधी हा घेणार. लग्न झालं तरी त्यात फरक पडला नाही.

एकदा दुपारच्या सुट्टीत त्याची बायको लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिला सातवा महिना होता. ताईने तिला आत बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "तुम्ही यांना पैसे देणं बंद करा."

ताईने हातातला साचा बाजूला ठेवला.

"घरभाडं तुंबलंय. मालक दोनदा येऊन गेले. मी बोलले की हे म्हणतात, ताई आहे ना. तुम्ही आहात म्हणून यांना कसली धास्तीच नाही. उद्या बाळ आल्यावर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

ताईला ते लागलं. दिवसभर हात कामात होते आणि मन ‘तुम्ही आहात म्हणून’ या शब्दांवर अडकलेलं. पण पोरगी खरं बोलत होती, हेही तिला कळत होतं.

त्या महिन्यात भावाने कप विसळायला घेतला तेव्हा ताईच आधी म्हणाली, "पैसे नाही देणार मी. ये, बस इथे. फोन काढ. जातात कुठे ते बघू."

"तू बँकेत कधीपासून लागलीस?" तो हसला. मग तिचा चेहरा बघून गप झाला आणि बसला.

दोघं डोक्याला डोकं लावून फोनवरचा हिशेब वाचू लागले.

"हे काय?"

"जिम. तब्येतीसाठी."

"शेवटचा कधी गेलास?"

त्याने बराच विचार केला. "नाव नोंदवायला गेलो होतो."

ताईला हसू आवरेना. त्यालाही. पण हसता हसता दोघं यादीत खाली खाली सरकत गेले, आणि शेवटी तो एकदम म्हणाला, "बास, ताई. पुढचं नको बघायला."

मग दर रविवारी तो येऊ लागला. ताईने त्याला फार काही अवघड सांगितलं नाही. पगार झाला त्याच दिवशी भाडं आणि थोडी बचत वेगळ्या खात्यात टाकायची, आणि त्या खात्याचं कार्ड घ्यायचंच नाही. उरलेल्याचे आठवड्यांनुसार भाग पाडायचे. काही घ्यावंसं वाटलं तर आठवडाभर थांबायचं, तेव्हाही वाटलं तर बघू. हे सगळं त्याला जमलं. जमत नव्हतं ते मित्रांना नाही म्हणणं.

"मी तुझा मित्र," ताई म्हणाली. "मला थोडे पैसे दे रे."

"किती हवेत?"

"अरे गाढवा, नाही म्हण."

"तू इतकी बिचाऱ्यासारखी मागतेस, मी नाही कसं म्हणू?"

तिने पुन्हा मागितले. सहाव्या-सातव्या वेळी तो मान वर करून म्हणाला, "या महिन्यात नाही जमणार, यार." ताईने टाळी वाजवली. ते रविवार तिला फार आवडायचे. तो लहान असताना ती त्याचे पाढे घ्यायची, तसं वाटायचं. लॅबमध्ये ती शनिवारीच सगळ्यांना सांगून ठेवायची, उद्या माझा भाऊ येणार आहे.

हळूहळू भाडं फिटलं, हप्ते संपले. मुलगी झाली. दवाखान्याचं बिल त्याने स्वतःच्या पैशांतून भरलं आणि तिथूनच फोन केला, "ताई, कुणाकडे हात नाही पसरला." "शाब्बास," ताई म्हणाली.

त्यानंतर रविवार सुटायला लागले. आधी बाळामुळे, ते साहजिकच होतं. मग जादा पाळी, मग बायकोच्या माहेरचे आले होते, मग नुसतंच "पुढच्या रविवारी नक्की." महिनाअखेर आली तशी ताईने सवयीने बटाटे उकडले. तो आला नाही. विचारल्यावर म्हणाला, "या वेळी शिल्लक राहिली गं," आणि इतक्या आनंदाने म्हणाला की तिला पुढे काही विचारवेना.

असे बरेच महिने गेले. शेवटी ताईने आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. फोन करून त्याला म्हणाली, "अरे, जरा ओढाताण आहे. थोडे पैसे देशील का?"

तो घाबरला. "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. असंच, खर्च वाढलाय."

तिला वाटलं होतं, तो गाडी काढेल. तिने घर आवरलं होतं, बटाटे उकडून ठेवले होते. फोन ठेवल्यावर पाचच मिनिटांत पैसे खात्यात आल्याचा मेसेज आला. मागोमाग त्याचाच फोन. "मिळाले ना? आणि ताई, रागावू नकोस, पण महिनाअखेरीला अडतंय म्हणजे कुठेतरी गळती आहे. एकदा नीट बसून बघ, जातात कुठे ते."

"बघते," ताई म्हणाली.

पुढच्या पगाराला तिने पैसे परत केले. तो म्हणाला, "शाब्बास." तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"मला पैसे नको होते रे. तू येशील म्हणून मागितले."

त्या रविवारी तो आला.

ताईने जेवायला वाढलं. तो जेवला, पण पाय पसरून बसला नाही. बाळाला दात यायला लागलेत म्हणाला. विम्याबद्दल काहीतरी सांगितलं. ताईने लॅबमधला एक किस्सा सांगितला, तो बारीकसा हसला. मग त्याने घड्याळ बघितलं. आपण याला ओझं झालोय, असं ताईच्या मनात आलं.

"ताई, एक सांगू?" तो ताटात बोट फिरवत म्हणाला. "इथे यायचं म्हटलं की नको वाटतं. जिना चढताना वाटतं, आपण मागायलाच आलोय. खिशात पैसे असतात, तरी वाटतं. तू आधीच नोटा काढून ठेवायचीस ना, ते मला कळायचं गं. एप्रनचा खिसा फुगलेला दिसायचा. तो बघत मी जेवायचो."

आपण त्याची लाज झाकतो असं ताईला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"कधी बोलला नाहीस."

"काय बोलणार?"

"मग इथे नको येत जाऊस," ती म्हणाली. आवाज नीट राहावा म्हणून तिने ताटं गोळा केली. "मीच येईन तिकडे."

"खरंच ये. मला बरं वाटेल."

तो गेल्यावर ती बराच वेळ भांडी न घासता स्वयंपाकघरात बसून राहिली.

ती जाऊ लागली. बसने तास-सव्वातास लागायचा. भावजय खुर्ची पुढे करायची, चहा द्यायची, "ताई, तुमच्यामुळे घर उभं राहिलं" असं मनापासून म्हणायची. पोरगी आधी तिच्याकडे बघून रडायची, मग येऊन मांडीवर बसायला शिकली. भाऊ स्वतःच्या घरात मोकळा असायचा. खोलीतून निघताना दिवा बंद करायचा, बाजारातून आल्यावर बायकोसमोर पावत्या ठेवायचा, कुणी पार्टीला बोलावलं तर सहज नाही म्हणायचा. सगळं ताईने शिकवलं तसंच. निघताना तो बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचा आणि बस आली की हात हलवून लगेच वळायचा, उद्या पहाटेची पाळी असायची.

खिडकीशी बसून ताई त्याला जाताना बघायची. आपल्यासमोर पाय पसरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा तो उधळ्या पोरगा तिला आठवायचा. आपण चूक केली असं तिला कधी वाटलं नाही. पण बस वळेपर्यंत तिचे डोळे भरून यायचे आणि तिला बाहेरचं काही दिसत नसे.