तिसरा आग्रह

आर्डिसने रुबार्बचा देठ मुळाशी धरला, जरासा पिळला आणि ओढला. कट्‌ करून तो हातात आला. मग दुसरा, मग तिसरा. सुरी लावायची नाही, ओढूनच काढायचा, ही तिच्या आईची शिकवण. चिंचेसारखे आंबट ते देठ चांगले अंगठ्याएवढे जाड झाले होते, खाली लालभडक आणि वर हिरवे. अळूसारखी रुंद पानं ती जागच्या जागी मोडून टाकत होती, कारण ती विषारी. रविवारची सकाळ होती, गवतावर दव होतं आणि चर्चची घंटा व्हायला अजून बराच अवकाश होता.

"अगं पुरे, पुरे! गावजेवण घालतेस की काय?" कुंपणापलीकडून लव्हॉन ओरडली.

"सगळं गावच येणार आहे ना आज."

"गाव येणार आहे खरं, पण राबणं चाललंय एकासाठी."

आर्डिसचे कान लाल झाले. बासष्ट वर्षांची बाई ती. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. शाळेची पिवळी बस घेऊन मिनेसोटाच्या बर्फात तीस हिवाळे काढलेली. रस्ता दिसत नसतानाही तिचा हात कधी कापला नव्हता. आज मात्र देठांची जुडी उचलताना दोन देठ खाली पडले, आणि ते उचलायला गेली तर आणखी तीन.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो आल्सीड ब्रूसार. चर्चचा जुना ऑर्गन दुरुस्त करायला तो गेल्या शरद ऋतूत दूर दक्षिणेतल्या लुइझियानाहून आला होता. काम महिनाभराचं होतं, पण ऑर्गनच्या पोटातून एकेक दुखणं बाहेर पडत गेलं आणि आल्सीडने अख्खा हिवाळा हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत काढला. आर्डिसकडे तो आधी बसच्या जॅकसाठी आला, मग कॉफीसाठी, मग कशासाठीच नाही. आता ऑर्गन वाजायला लागला होता. आज प्रार्थनेनंतर तळघराच्या हॉलमध्ये त्याला निरोपाची कॉफी होती, आणि त्याचा ट्रक सामान भरून दुकानाच्या दाराशी उभा होता.

लव्हॉन मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली आणि न विचारता स्टुलावर बसली. शाळेपासूनची मैत्रीण, तिला कोण विचारतंय! आर्डिसने देठ धुऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, वर गोड चुरा घालून भाजायच्या क्रिस्पसाठी ते पसरट काचेच्या भांड्यात लोटले आणि साखरेचा डबा काढला.

"तो जाणार म्हणून तुला काहीच वाटत नाही?" लव्हॉनने विचारलं. "मला तर वाटलं होतं, हा माणूस तुला विचारणार."

आर्डिसने कपात साखर भरली. मग कप तसाच धरून म्हणाली,

"विचारलंय त्याने."

लव्हॉन स्टुलावरून उठलीच. "काय विचारलंय?"

"लग्नाचं. तळ्याच्या धक्क्यावर. माझ्याबरोबर चला म्हणाला, लग्न करू म्हणाला."

"अगं बया! आणि हे तू मला आत्ता सांगतेस? मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, नको हो, कशाला उगाच तुम्हाला त्रास."

"बरोबर," लव्हॉन सवयीने म्हणाली.

बरोबरच होतं ते. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी बाई व्हायलंड गावात अजून जन्मायची आहे. कॉफी घेणार का? नको. अहो घ्या. नको, नको, उगाच कशाला. आता केलीच आहे तर घ्या. बरं, अगदी अर्धा कप. इथे असंच चालतं. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उपकार केल्यासारखं घ्यायचं. पीटरसनांच्या कोठाराला आग लागली तेव्हा म्हाताऱ्याने बंबवाल्यांनाही आधी "कशाला उगाच" म्हटलं होतं, असं गाव अजून सांगतं.

"मग दुसऱ्यांदा कधी विचारलं?"

"तेच तर! विचारलंच नाही. दोन आठवडे होत आले. म्हटलं असेल माणूस सावकाश. आता आज जायचा दिवस उजाडला म्हणजे आज विचारेलच ना? म्हणून म्हटलं क्रिस्प करावा. खाता खाता…"

लव्हॉनचा चेहरा उतरत गेला.

"आर्डिस, बाई माझे, तो इथला नाही गं. लेमन केकचं विसरलीस?"

लेमन केकचं कोण विसरेल! आल्सीडचा इथला पहिला रविवार. ताटलीत केकचा शेवटचा तुकडा उरला होता. व्हायलंडमध्ये शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. एक जण त्याचं अर्धं घेतो, दुसरा त्या अर्ध्याचं अर्धं, आणि करत करत जो चुरा राहतो तो पाखरांना जातो. हा पाहुणा आला, "कुणाला नको का?" म्हणाला, तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या खाऊन "झकास!" म्हणाला. त्या तुकड्याच्या गप्पांवर गावाचा अख्खा हिवाळा निघाला.

"हवं असलं की तो घेतो," लव्हॉन म्हणाली, "आणि नको असलं की नको म्हणतो. त्यांच्याकडे नाही म्हणजे नाहीच असतं. तुझं 'नको' त्याने खरंच धरलं गं!"

धक्क्यावरचा त्याचा चेहरा आत्ता कुठे तिला दिसला. त्याने टोपी काढली होती, दोन्ही हातांत फिरवली होती आणि म्हणाला होता, "बरं. स्पष्ट सांगितलंत, चांगलं केलंत." तेव्हा तिला वाटलं होतं, काय विचित्र बोलतो हा. आणि तेव्हापासून कसा अदबीने वागत होता तो! लांबून टोपीला हात लावायचा. आणि ती वेडी आपली वाट बघत बसली होती.

तिने हातातला कप ओट्यावर ठेवला.

"मग आता मी काय करू?"

"काय करू काय? जा आणि हो म्हण!"

"न विचारता? तुला वेडबिड लागलंय का? कुणी विचारल्याशिवाय हो कसं म्हणायचं?"

"हो, तेही आहेच," लव्हॉनला पटलं. ती क्षणभर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली. "तू तो क्रिस्प भट्टीत घाल. मला जरा गसशी बोलायचंय."

गस म्हणजे तिचा नवरा. त्याच्याशी बोलता येतं, तो मात्र बोलत नाही. प्रत्येक शब्दाचे पैसे जणू त्याच्या खिशातून जातात. फार खूश झाला तर "वाईट नाही" म्हणतो. व्हायलंडमध्ये त्याहून मोठी तारीफ नसते. स्वतःच्या लग्नातही तो एवढंच म्हणाला होता.

आर्डिस ओट, मैदा, तपकिरी साखर आणि दालचिनी एकत्र करून त्यात थंड लोणी चोळायला लागली. हात भरभर चालले होते आणि मन त्याहून भरभर. तो एक घास खाईल. मग थांबेल. मग म्हणेल, आर्डिस, त्या दिवशी मी विचारलं होतं… आणि ती दुसऱ्यांदा नको म्हणणारच नाही! नियम गेला खड्ड्यात. नाही, पण दुसऱ्यांदा लगेच हो म्हटलं तर हावरटासारखं दिसेल. दिसू दे. बासष्टाव्या वर्षी आता कुणाला काय दाखवायचंय? तिने चुरा देठांच्या तुकड्यांवर पसरला, भांडं भट्टीत सरकवलं आणि लोणी-दालचिनीचा वास घरभर सुटेपर्यंत निळा ड्रेस दोनदा घातला आणि दोनदा काढला. शेवटी तोच घातला.

चर्चमध्ये ती गायकांच्या रांगेत उभी होती. नुकताच दुरुस्त झालेला ऑर्गन असा घुमत होता की बाकं थरथरत होती. तिचं लक्ष मात्र दुसऱ्या रांगेकडे. गस, जो चाळीस वर्षं शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात बसत आला होता, तो आज आल्सीडशेजारी बसला होता आणि प्रवचनभर त्याच्या कानात काहीतरी सांगत होता. गस! आणि सांगतोय! दक्षिणेच्या रस्त्याची माहिती देत असणार, आर्डिसला वाटलं, आणि पुढच्या गीतात तिचा सूर अर्ध्या पट्टीने घसरला. आल्सीडची मान हळूहळू लाल होत गेली.

तळघरात कॉफीच्या टाकीला रांग लागली. आर्डिस आपल्या भांड्यामागे उभी राहून वाढत होती.

"वेगळंच झालंय हं, आर्डिस," पहिली बाई म्हणाली.

"अगदी वेगळं," दुसरा म्हणाला, आणि कॉफीचा मोठा घोट घेतला.

तिसऱ्यानेही "वेगळंच" म्हटल्यावर आर्डिस वाढता वाढता थांबली. इथे पदार्थ बिघडला की त्याला "वेगळा" म्हणतात. आणि एकाएकी तिला तो दिसला, ओट्यावरचा कप, काठोकाठ भरलेला. वरच्या चुऱ्यात साखर होती, खालच्या देठांत कणभरही नव्हती! आणि ही सगळी भली माणसं डोळ्यांत पाणी आणून, तोंड वाकडं न करता खात होती. भांड्यात दोनच तुकडे उरले होते.

तेवढ्यात समोर आल्सीड उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी.

देऊ नये हेच बरं, असं तिला वाटलं, पण तोंडातून सवयीने निघून गेलं,

"घ्या ना थोडा क्रिस्प."

"नको," आल्सीड म्हणाला.

तिचा हात हवेतच राहिला. हा माणूस खाण्याला कधी नाही म्हणत नाही. हवं ते घेतो, नको ते नको म्हणतो. म्हणजे संपलं. त्याला आता तिच्या हातचं काही नको होतं. चमचा खाली ठेवून मागच्या जिन्याने निघून जावं, बसमध्ये बसून मोठ्याने रडावं, असं तिला झालं. पण बाई व्हायलंडची. पाहुण्याला एकदाच विचारून कसं सोडणार?

"थोडासा तरी," ती कशीबशी म्हणाली.

"नको हो. कशाला उगाच तुम्हाला त्रास."

आर्डिसने मान वर केली. त्याच्या मिशीचं एक टोक हलत होतं. टाकीपाशी लव्हॉन कपात कॉफी ओतत होती, आणि कप भरून वाहत होता तरी ओतत होती.

आर्डिसने चमचा पुन्हा भांड्यात घातला.

"आता केलाच आहे," ती हळूच म्हणाली, "तर घ्या."

"एवढा आग्रह करताय तर घेतो," आल्सीड म्हणाला. "अगदी लहान तुकडा."

तिने वाढला. त्याने घास घेतला, चावला आणि त्याचे डोळे मिटले गेले.

"साखर विसरलात," तो म्हणाला.

अख्ख्या गावात कुणी बोललं नव्हतं ते! आर्डिसला हसू फुटलं. दाबलं तरी दबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हेच, हेच तर तिला आवडायचं त्याचं.

"कुणी सांगितलं तुम्हाला? हे तीनदा विचारण्याचं?"

"गसने. आठ महिने मी इथे आहे, आणि हे मला आज, प्रवचन चालू असताना कळतंय." त्याने बशी खाली ठेवली. टोपी दोन्ही हातांत फिरवली. "म्हणजे माझं फक्त एकदा विचारून झालंय. मग हे दुसऱ्यांदा. कराल माझ्याशी लग्न?"

हो म्हण, आर्डिस, हो म्हण, ती मनात ओरडत होती. पण साठ वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

"तिकडे रुबार्ब येत नाही म्हणे," ती म्हणून गेली. "त्याला कडक थंडी हवी असते."

म्हटलं आणि तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली. हॉलमध्ये सगळे आपापल्या कपात बघत होते. असं निरखून कुणी कॉफीत बघत नाही.

आल्सीड विचारात पडला. मग म्हणाला,

"तर इथेच राहू. एक हिवाळा काढलाय, मेलो नाही. सामान ट्रकमध्ये चढलं तसं उतरेलही." त्याने श्वास घेतला. "तिसऱ्यांदा विचारतोय, आर्डिस. गस म्हणाला, चौथ्यांदा नसतं."

भांड्यात एकच तुकडा उरला होता. एरवी एव्हाना कुणीतरी त्याचं अर्धं आणि अर्ध्याचंही अर्धं केलं असतं. आज कुणी जवळ फिरकलं नव्हतं. आर्डिसने मोठा चमचा उचलला. टाकीपाशी लव्हॉनने श्वास रोखला. आर्डिसने चमचा तुकड्याच्या मधोमध नेला, क्षणभर थांबली, मग तो सरळ खाली सरकवला आणि अख्खा तुकडा उचलून आपल्या बशीत घेतला. भांडं स्वच्छ रिकामं झालं.

आंबट तर इतका होता की कानशिलं ताणली गेली. ती आल्सीडकडे बघत सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खात राहिली.

मग मागच्या कोपऱ्यातून गसचा आवाज आला.

"वाईट नाही."