थोरली गाडी शांत केली

मला अजून त्या धक्क्यातून नीट सावरता आलेलं नाही, त्यामुळे सांगताना थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. गोष्ट गाडीची आहे. निदान मी तरी ती गाडीचीच समजत होतो.

आमच्याकडे थोरली आहे आणि मेहुण्याकडे धाकटी. दोन्ही एकाच कंपनीच्या मोठ्या व्हॅन, दहा-बारा माणसं ऐसपैस बसतील अशा, फक्त पिढी वेगळी. मी जन्मभर कारखान्याच्या कामगारांची ने-आण थोरलीवर केली आणि निवृत्त झालो तेव्हा तिला घरी ठेवून घेतली. पत्रा जाड, इंजिन सरळ स्वभावाचं, कुठल्याही नटापर्यंत हात पोचतो. पण वारा म्हटला की तिचा संयम सुटतो. छताच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी उघडी पन्हळ, लांब दांड्यांवरचे चौकोनी आरसे, पुढच्या दारांना त्रिकोणी काचा आणि टपावर सामानाचं कॅरिअर. वेग वाढला की ही सगळी मंडळी एकदम बोलायला लागतात. धाकटीच्या पिढीत कंपनीने पन्हळ काढून टाकली, दारं वर छतात वळवून घेतली, आरसे गोलसर केले, दारांना दुहेरी रबर दिलं. झाली गाडी मुकी. मेहुणा त्याबद्दल असा मिरवतो, जसं काही ते सगळं त्यानेच काढून दिलंय.

थोरली महामार्गाला लागली की मागचं पुढे ऐकू येत नाही. ड्रायव्हरला काही सांगायचं असेल तर खांदा हलवून कानात ओरडायचं. त्यामुळे आमच्या घरात एक पद्धतच पडून गेली होती. बायको आणि मुलगी अगदी मागे बसायच्या आणि दोघींचं जे सुरू व्हायचं ते मुक्काम येईपर्यंत. मला आरशात नुसती तोंडं हलताना दिसायची. त्याच दोघी धाकटीत बसल्या की तोंडाला कुलूप. मी मेहुण्याला किती वेळा ऐकवलं असेल, की बाबा रे, तुझ्या गाडीत माणसं गप्प होतात आणि माझ्या गाडीत खुलतात. तो नुसता मान हलवायचा. मला वाटायचं, हरला.

जावयाचं तर मला फारच कौतुक. पूर्वी तो मधल्या सीटवर आडवा होऊन घोरायचा. गेल्या काही महिन्यांपासून आपणहून पुढे माझ्या शेजारी बसायला लागला. एक हात दोन सीटांच्या मधे टेकवून, समोर बघत, मी गाड्यांच्या पिढ्यांबद्दल जे बोलेन ते मुकाट्याने ऐकायचा. इतकं लक्ष देऊन माझं माझ्या पोटच्या मुलीनेही कधी ऐकलं नाही.

सगळं बरं चाललं होतं आणि एक दिवस बायको मेहुण्याच्या गाडीतून घरी आली. सकाळी मी तिला त्याच्याकडे सोडलं होतं. मला वाटलं होतं, फोन करेल, मी आणायला जाईन. तर संध्याकाळी दारात धाकटी उभी. मी विचारलं, हे काय, मी मेलो होतो का? ती मला निरखत म्हणाली, त्याची गाडी शांत आहे. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. त्यात तिची पर्स माझ्या गाडीत मागच्या सीटवर पडलेली मिळाली, फोनही त्यातच. बाईला कशाचं भान म्हणून नाही, असं मी तिला वर सुनावलं. त्यानंतर ती माझ्या गाडीत बसायचं टाळू लागली. आज पाठ दुखते, उद्या ऊन फार आहे. माझ्या गाडीतून उठून गेलेली बायको मला माझ्या गाडीत परत हवी होती. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

म्हणून मी थोरलीला शांत करायला घेतलं, घरात कोणालाही न सांगता. ब्रेकचं काम काढलंय, एवढंच सांगितलं. आधी सगळ्या फटींवर रंगाऱ्याची चिकटपट्टी लावली आणि महामार्गावर एकटाच गेलो. मग एकेक पट्टी काढायची, परत चक्कर मारायची. ज्या पट्टीनंतर आवाज परतला तो चोर. दारात कागदाचा कपटा अडकवून ओढून बघायचा. सहज निघाला तर तिथलं रबर मेलेलं. मागचं दार बिजागरीत खाली बसलं होतं ते उचललं. त्रिकोणी काचांना नवं रबर घातलं. पन्हळीवर गोल पट्टी चढवली, तळाच्या मॅटखाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा अंथरला. एवढं करूनही एक बारीक शिट्टी राहिलीच. ती कॅरिअरच्या पुढच्या आडव्या नळीची निघाली. नळीला दोरी वेटोळी गुंडाळली तशी शिट्टी गप्प. त्या दिवशी मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो.

मग मी जाहीर केलं, रविवारी सगळ्यांनी मेहुण्याकडे जायचं, माझ्या गाडीतून. बायको नाही म्हणायच्या बेतात होती. मुलीने तिच्याकडे बघितलं, जावई म्हणाला मी पुढे बसतो, आणि ती तयार झाली.

महामार्गाला लागलो. मी वेग वाढवला आणि वाट बघत बसलो, आता कोणीतरी म्हणेल, अहो, गाडीला काय केलंत? कोणी काही म्हणेना. शांतता लक्षात यायला वेळ लागतो हे मला तेव्हा कळलं. दोघी सवयीने मागे बसल्या होत्या आणि सवयीनेच सुरू झाल्या. मी गालातल्या गालात हसत कान टवकारले.

"सकाळी दोनदा चावी शोधली त्यांनी," बायको म्हणत होती. "खिशातच होती."

"आई, आज मामाकडे हा विषय काढायचाच. त्यांच्याकडून गाडी काढून घ्यावी लागेल."

"अजून थोडे दिवस जाऊ देत. गाडी गेली तर ते खचतील गं."

"आणि एखाद्या दिवशी कोणाला उडवलं तर? प्रत्येक वेळी हा पुढे बसायला मिळणार आहे का? ब्रेकवर हात ठेवून ठेवून त्याचा खांदा भरून येतो."

मी खाली बघितलं. जावयाचा हात दोन सीटांच्या मधे होता, हँडब्रेकच्या दांड्यावर, बोटं घट्ट आवळलेली. बिचाऱ्यालाही सगळं ऐकू येत होतं. तो जोरात खोकला आणि आजवर कधी नव्हे तो पहिला प्रश्न विचारला, की बाबा, ती पन्हळ कंपनीने नेमकी का काढली? इतक्या मोठ्याने विचारला की शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्यालाही उत्तर द्यावंसं वाटलं असतं. मागे मात्र बोलणं चालूच राहिलं.

"पंपावरचं त्यांना अजून आठवत नाही?" मुलीने विचारलं.

"नाही."

"तू सांगत का नाहीस?"

"काय सांगू? मी घरी पोचले तर त्यांनी मलाच विचारलं, भावाच्या गाडीतून का आलीस."

माझे हातपाय गार पडले. स्टिअरिंग हातात होतं, पाय योग्य तिथे होते, गाडी सरळ चालली होती, आणि मला माझं काहीच कळत नव्हतं.

"कुठल्या पंपावरचं?" मी विचारलं. ओरडलो नाही. साध्या आवाजात बोललो आणि ते मागे पोचलं.

गाडीत इतकी शांतता झाली की माझी मेहनत किती चोख होती ते मला पुरतं समजलं. मी इंडिकेटर दिला, गाडी हळूहळू कडेला घेतली, इंजिन बंद केलं. जावयाने दांडा ओढला. मी तो ओढायला विसरलो होतो.

"सांग," मी म्हणालो. "मला सगळं ऐकू येतंय."

बायकोने सांगितलं. त्या दिवशी मी तिला भावाकडे सोडलंच नव्हतं. आम्ही दोघं त्याच्याकडे निघालो होतो. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. ती मागच्या बाजूला बाथरूमला गेली. बाहेर आली तेव्हा थोरली पंपातून निघून रस्त्याला लागत होती. तिने हाक मारली, थोडी धावलीही. तिची पर्स गाडीत, फोन पर्समध्ये. शेवटी पंपावरच्या माणसाच्या फोनवरून तिने भावाला बोलावलं. भाऊ मला जाब विचारायला निघाला होता, तिने त्याला शपथ घालून गप्प बसवलं.

मी म्हणालो, खोटं आहे. मला त्या दिवशीचं चांगलं आठवतं. मेहुण्याच्या दारात ती उतरली, मी गाडी वळवली, घरी येऊन चहा केला. खरं सांगतो, आजही मला ते तसंच आठवतं, ती उतरताना साडी सावरत होती ते सुद्धा. माझं डोकं फिरलं. मी मुलीवर आवाज चढवला, जावयाला म्हणालो, तुम्ही पुढे बसून माझ्यावर पहारा ठेवत होतात का? तो खाली मान घालून म्हणाला, "हो, बाबा." एवढं प्रामाणिक उत्तर ऐकून मी आवाज खाली घेतला.

आणि पर्सचं काय करायचं? भावाच्या दारात उतरलेली बाई पर्स विसरेल, मान्य. पण दिवसभर ती पर्स, तो फोन मागायला एकदाही कोणाचा निरोप आला नाही, आणि ते मला विचित्र वाटलं नाही. मी घरी बसून चहा पीत होतो.

मी दार उघडून खाली उतरलो. चावी जावयाच्या हातात दिली, कोणी मागितली नव्हती तरी. मुलगी घाईने मधल्या सीटवर सरकली आणि मी अगदी मागे जाऊन बायकोच्या शेजारी बसलो. इतक्या वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होतो. जावयाने गाडी सुरू केली, आरसे नीट केले, रस्त्याला लावली. चांगली चालवतो तो. मला रडू फुटत होतं आणि ते लपवायला वाऱ्याचा आवाज नव्हता.

"तू तिथे किती वेळ उभी होतीस?" मी तिला हळूच विचारलं.

तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात माझ्यापेक्षाही गार होता.

"तुम्ही परत येणार नाही हे कळेपर्यंत," ती म्हणाली.

अगदी हळू म्हणाली, पण गाडीत ते सगळ्यांना ऐकू गेलं.